नसलेल्या तारेचं वर्णन

त्या उन्हाळ्यात मी नेमकं काय काम करत होते, हे मला स्वतःलाच धड सांगता येत नव्हतं. जेवताना नवरा विचारायचा, "आज काय केलंस?"

"वर्णन लिहिलं."

"कशाचं?"

"मेमरी कंट्रोलरचं."

"म्हणजे प्रोग्रॅम?"

"नाही."

"मग मॅन्युअल?"

"तेही नाही."

मग तो ताटातल्या पोळीकडे बघत "बरं" म्हणायचा आणि मला त्या "बरं"चा भयंकर राग यायचा. खरं तर त्याची काही चूक नव्हती. आपण दिवसभर कशाशी झटतोय हे आपल्याला एका वाक्यात सांगता येऊ नये, याचा तो राग होता.

आमची कंपनी म्हणजे म्हैसूरच्या विजयनगरमधल्या एका घराचा वरचा मजला. खाली घरमालक राहायचे, वर आम्ही चारपाच जण. आम्ही भट्ट्यांवर लक्ष ठेवणारे बॉक्स बनवायचो. कारखान्यात लोखंडाचे भाग तापवून कडक करतात, त्या भट्टीच्या शेजारी खांबावर आमचा बॉक्स लावायचा. भट्टी किती तापवायची, किती वेळ, कधी थांबवायची, हे त्यात भरून ठेवलं की पुढचं तो बघायचा. पडद्यावर आकडे, खाली आकडा कमी-जास्त करायची दोन बाणांची बटणं. बाहेरून साधा, पण आत एक अख्खा कॉम्प्युटर.

कंपनी सरांची. सर साठीच्या पुढचे, त्यांचं घराणं कितीतरी पिढ्या म्हैसुरातच. घरी मराठी बोलतात, पण ती मराठी माझ्या जळगावच्या कानांना पहिले काही महिने अर्धीच पोचायची, कारण मराठीत सुरू झालेलं वाक्य मध्येच कधी कन्नडमध्ये शिरेल याचा नेम नसायचा. बॉक्समधला बोर्ड त्यांनी स्वतः काढलेला. चिपा कुठे बसवायच्या, तारा कुठून न्यायच्या, सगळं त्यांच्या हातचं, आणि त्यांना त्याचा अभिमान होता. मी मुलीच्या शाळेपायी बरीच वर्षं घरी बसून पुन्हा कामाला लागलेली. त्यामुळे माझं काम म्हणजे जे कुणाला नको ते.

ते काम काय होतं हे आता सांगितलंच पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. कॉम्प्युटरच्या मेमरीबद्दल लोकांची एक गोड समजूत असते की तिथे ठेवलेलं तिथेच राहतं. राहत नाही. मेमरी म्हणजे असंख्य बारीक घरं, प्रत्येक भरलेलं किंवा रिकामं, आणि त्यांच्यात जे असतं ते हळूहळू बिघडत जातं. पार बिघडायच्या आत ते वाचून पुन्हा जसंच्या तसं भरावं लागतं. हे मेमरी कंट्रोलर नावाचा भाग करतो, सतत, न थकता. पोरांनी पाढे विसरू नयेत म्हणून रोज म्हणवून घेणाऱ्या शाळेतल्या बाईंसारखा. आणि मेमरी तापली की ती जास्त भरभर विसरते. म्हणून मेमरीपाशी तापमान मोजणारा एक भाग असतो आणि त्याची एक तार कंट्रोलरकडे येते. "तापलंय" असा इशारा त्या तारेवरून आला, की पाढे दुप्पट वेगानं म्हणवून घ्यायचे. हा वेग बदलायचं काम ड्रायव्हर नावाच्या छोट्या प्रोग्रॅमचं.

पण बोर्डावर कुठली चिप आहे, कुठली तार कुठे जाते, हे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, आपोआप कळत नाही. ते कुणीतरी आधी लिहून ठेवावं लागतं. इथे मेमरी कंट्रोलर आहे, त्याचा पत्ता हा, इशाऱ्याची तार चिपच्या या पायावर, म्हणजे पिनवर, येते, वगैरे. ते वाचून ड्रायव्हर कामाला लागतो. हे लिहायचं म्हणजेच माझं "वर्णन". आणि हा कर्नल जगभरातली माणसं मिळून सांभाळतात, म्हणून ते त्यांच्यातल्या कुणाकडून तरी तपासून घ्यायचं. माझ्या वाट्याला एक परीक्षक आला. कुठल्या देशातला, तरुण की म्हातारा, काही ठाऊक नाही. तो एका ओळीच्या वर कधी लिहीत नसे.

त्याची पहिली ओळ अशी: वर्णन हार्डवेअरचं करा, ड्रायव्हरनं काय करावं याचं नको.

मी लिहिलं होतं की पाढे अमुक वेगानं म्हणवून घ्यावेत. हे हार्डवेअर नाही का? विचार केल्यावर वाटलं, खरंच नाही, ही तर आपली इच्छा झाली. ती ओळ काढली. काढताना शेजारच्या दोन ओळीही तशाच वाटल्या, त्याही काढल्या. उत्तर आलं: या दोन का काढल्या? हे तर चिपचे गुणधर्म आहेत. मग त्या परत घातल्या. मग त्यानं विचारलं, पहिली ओळ काढल्यावर चिपची मर्यादा कळणार कशी? मी कपाळावर हात मारला. म्हणजे वेग लिहायचा नाही, पण जास्तीत जास्त किती वेळ न म्हणवता चालेल ते लिहायचं. एक इच्छा आणि दुसरी वस्तुस्थिती. आकडा मात्र तोच.

हे मी सरांना सांगितलं तेव्हा ते कॉफी पीत उभे होते. म्हणाले, "अय्यो, सुम्ने कशाला एवढं डोकं खाऊन घेता मॅडम? जुन्याच चिपसारखी आहे अल्वा ही? चिप बनवणाऱ्यांनी नमुना दिलाय, तो घ्या, नाव बदला, आय्तु, झालं."

सुम्ने म्हणजे उगाच, आणि अल्वा म्हणजे नाही का. म्हैसुरात निम्म्या गोष्टी सुम्ने असतात. आणि सर काही चुकीचं सांगत नव्हते, आमच्या धंद्यात सगळे तेच करतात. कोऱ्या पानावर कुणी लिहीत नाही, जवळचा नमुना घ्यायचा आणि आपल्यापुरता बदलायचा. माझ्या वर्णनातल्या बहुतेक ओळी अशाच आलेल्या होत्या, इशाऱ्याच्या तारेची ओळही. कारखान्यांत लावलेले आमचे बॉक्सही असल्याच वर्णनावर चालत होते.

पुढे एक दिवस वैतागून मी अख्खं वर्णनच काढून टाकलं आणि बॉक्स सुरू केला. म्हटलं बघू तरी काय बिघडतंय. काहीही बिघडलं नाही. बॉक्स सुरू झाला, पडदा उजळला, आकडे नीट. मी तासभर त्याच्याकडे बघत बसले. नंतर कळलं ते असं की कर्नल जागा व्हायच्या आधीच एक छोटा प्रोग्रॅम मेमरी लावून देतो, त्यामुळे थंडपणे चाललेल्या बॉक्सला आमच्या ड्रायव्हरची गरजच नसते. पण त्या क्षणी मी पार चक्रावले. इतके दिवस मी ज्याचं वर्णन लिहीत होते, भांडत होते, ते असलं काय नि नसलं काय, सारखंच? मग मी इथे येऊन करते काय?

"चालतंय ना?" सर म्हणाले. "मग बिडी मत्ते, सोडून द्या."

त्याच आठवड्यात मेटगळ्ळीहून फोन आला.

मेटगळ्ळीच्या औद्योगिक वसाहतीत एक वर्कशॉप होतं, गिअर कडक करून देणारं. आमचे बॉक्स तिथे तीन भट्ट्यांवर होते. मालकांचा आवाज चढलेला. मी आणि सर स्कूटरवरून गेलो. बाहेर एप्रिलचं ऊन होतं, पण शेडमध्ये शिरल्यावर अंगावर आला तो वेगळाच ताप. पत्र्याचं छप्पर, पश्चिमेची भिंतही पत्र्याची, आणि मधोमध भट्ट्या. कोपऱ्यातल्या टेबलावर तडे गेलेले गिअर रचून ठेवले होते.

गिअर आठशे चाळीस अंशांवर तापवून तेलात सोडायचे असतात. त्या बॅचला बॉक्सनं आठशे बहात्तर लावले होते. गिऱ्हाइकानं सगळा माल परत पाठवला होता, आणि या उन्हाळ्यातली ही दुसरी खेप. मालकांनी आम्हाला बॉक्सच्या पडद्यावर उघडून दाखवलं. तिथे स्पष्ट होतं: तापमान हातानं बदलले.

"हातानं म्हणजे याच्या," मालक म्हणाले, आणि त्यांनी भट्टीवाल्याकडे बोट दाखवलं.

भट्टीवाला पन्नाशीचा असेल. सोसले गावाहून रोज बसनं यायचा. त्या भट्टीवर त्याची उमर गेलेली, आमचा बॉक्स यायच्या आधी नुसत्या ज्वाळेच्या रंगावरून तो काम करायचा, असं सर म्हणाले. तो खांबाला टेकून उभा होता. मालक काहीही बोलले की एकच म्हणायचा, "नानु मुट्टिल्ला." मी हात लावला नाही. माझं कन्नड भाजी घेण्यापुरतं, पण एवढं मलाही कळत होतं. तो चिडून म्हणत नव्हता, गयावयाही करत नव्हता. आपलं नाव सांगावं तसं सांगत होता.

मालक मला दुष्ट वाटले नाहीत. त्यांचंही तोंडचं पाणी पळालेलं. ते सरांना म्हणाले, "तुमचा बॉक्स बरोबर आहे की नाही, तेवढं शनिवारी येऊन सांगा. बॉक्स बरोबर असेल तर हा माणूस खोटं बोलतोय, मी त्याला घरी बसवतो. बॉक्स चुकत असेल तर तुमचे बॉक्स काढतो."

सरांनी मान हलवली. भट्टीवाला माझ्याकडे बघत होता. मी बॉक्सवाल्यांची बाई, म्हणजे मला खरं काय ते ठाऊक असणार, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. मला तर काहीच ठाऊक नव्हतं. मी नजर दुसरीकडे वळवली.

परतताना स्कूटरवर मागे बसून मी एका गोष्टीवर अडकले होते. "हातानं बदलले" हे बॉक्सला कळतं कसं? तो काही हात बघत नाही. ते आम्हीच तसं लिहून ठेवलेलं. ठरवलेलं तापमान आणि सध्याचं लावलेलं तापमान यात फरक दिसला, तर तो कुणीतरी बाण दाबून केलाय असं धरायचं. माणूस सोडून दुसरं कोण बदलणार, असा आमचा सरळ हिशेब.

दुसरं म्हणजे चाळीसचे बहात्तर. फरक बत्तीसचा. आमच्या धंद्यातल्या कुणालाही बत्तीस बघितलं की थोडं अस्वस्थ व्हायला होतं. मेमरीतलं एकच घर रिकाम्याचं भरलेलं झालं, तर आकडा बरोबर अशा एखाद्या मापानं उडी मारतो, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस. माणूस तापमान वाढवतो ते पाच, दहा, वीसनं. सरांना हे ओरडून सांगितलं.

"बाण दाबून धरला की आकडा पळतो मॅडम," सर वाऱ्यातून म्हणाले. "सोडला तिथे थांबतो. कुठेही थांबेल."

तेही खरंच होतं.

पुढचे दोन दिवस मी ऑफिसातल्या टेबलावर बॉक्स उघडा ठेवून चालवत होते. मेमरीत आकडे भरायचे, परत वाचायचे. एकही चुकला नाही. जितक्या वेळा तो बरोबर निघायचा तितका माझा जीव खाली-वर व्हायचा. कारण बॉक्स बरोबर म्हणजे तो माणूस खोटा. आणि ज्या माणसाला मी दहा मिनिटं पाहिलं, ज्याची भाषा मला धड येत नाही, तो खरं बोलतोय असं मला का वाटावं? मला फक्त त्याचं ते तीनचार वेळा एकाच स्वरात सांगणं आठवत होतं. हे काही कारण नव्हे. नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मशीन कशाला खोटं बोलेल?" आणि मी म्हटलं, "मशीन खोटं बोलत नाही रे, पण विसरू शकतं." बोलून गेले, पण ते कसं दाखवायचं ते मला माहीत नव्हतं. माझं डोकं भणभणून गेलं होतं.

अशात परीक्षकाचं उत्तर आलं. मी मेटगळ्ळीच्या गडबडीत त्याला विसरूनही गेले होते. त्यानं माझ्या वर्णनातल्या एका ओळीखाली लिहिलं होतं: ही इशाऱ्याची तार तुमच्या बोर्डावर खरंच जोडलेली आहे, की चिपला तसा पाय आहे म्हणून लिहिलीय?

मला आधी राग आला. हा कोण, न बघितलेल्या बोर्डाबद्दल मला विचारणारा? जोडलेली नसेल कशी? नमुन्यात आहे, मॅन्युअलमध्ये आहे, ड्रायव्हर ती तार बघून "थंड आहे" असं रोज सांगतो आहे. पण उत्तर काय द्यायचं म्हणून मी मल्टिमीटर काढला. एक टोक तापमानाच्या भागाला, दुसरं कंट्रोलरच्या पायाला. जोडलेलं असलं की मल्टिमीटर वाजतो.

वाजला नाही.

टोकं एकमेकांना लावून बघितली, वाजला. पुन्हा बोर्डावर लावली, गप्प. दुसरा बोर्ड घेतला, मग कपाटातला जुना घेतला. सगळे गप्प. मी तीनही बोर्ड सरांच्या टेबलावर नेऊन ठेवले आणि विचारलं, "सर, ही तार कुठाय?"

सरांनी चष्मा वर केला, बोर्ड उलटा केला, सुलटा केला.

"ती," म्हणाले, "मीच घातली नाही. ह्या टोकाची त्या टोकाला न्यायची म्हणजे बोर्डाला एक थर वाढवायला लागत होता. म्हटलं, कशाला? आपल्या म्हैसुरात कुठलं एवढं ऊन, हौदल्वा? ह्या ऑफिसात तुम्ही कधी फॅन बघितलात का? तो पाय मी थंड म्हणून कायमचा बांधून टाकला."

मी वर बघितलं. छताला खरंच फॅन नव्हता. फॅनसाठी ठेवलेल्या आकड्याला कुणीतरी कागदाचा आकाशकंदील टांगला होता. म्हैसूरच्या माणसाला आपल्या हवेचा एवढा भरवसा असतो की तो त्याच्या बोर्डाच्या नकाशातही उतरतो. आणि मी, जिथे मे महिन्यात दुपारी कुत्रंही रस्त्यावर दिसत नाही त्या जळगावची, इथल्या खिडकीतल्या वाऱ्यात बसून ऊन पार विसरून गेले होते. बोर्ड थंडच राहणार असं सरांनी धरलं, तार असणारच असं मी धरलं, आणि ड्रायव्हर बिचारा नसलेल्या तारेवर भरवसा ठेवून पत्र्याच्या शेडमध्ये, भट्टीच्या शेजारी, "थंड आहे, थंड आहे" म्हणत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी मुलीचा हेअर ड्रायर ऑफिसात नेला. तिला सांगितलं नाही, नाहीतर दिला नसता. बॉक्स पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवला, बाजूनं भोक पाडून ड्रायर खुपसला आणि मेमरी भट्टीपाशी तापत असेल तेवढी तापवली. आकडे भरले, थांबले, वाचले. एक चुकलेला होता. पुन्हा केलं तर दुसरेच दोन चुकले. सर माझ्या खुर्चीमागे उभे होते. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मनात आलं ते भलतंच. कारखान्याकारखान्यांत असे किती बॉक्स विसरत बसले असतील?

इलाज मात्र फारच साधा निघाला. वर्णनातून तार काढायची. ड्रायव्हरमध्ये लिहायचं की ज्या बोर्डाच्या वर्णनात तार नाही, तिथे मेमरी नेहमी तापलेलीच आहे असं धरायचं आणि पाढे कायम दुप्पट वेगानं म्हणवून घ्यायचे. बॉक्स किंचित हळू चालतो, पण विसरत नाही. ड्रायरखाली तो कितीही भाजला तरी आकडे जागचे हलले नाहीत. परीक्षकाला कळवलं की तार जोडलेली नाही, काढली आहे. त्याचं उत्तर आलं: आता बरोबर. तेवढंच. मी त्या दोन शब्दांनी इतकी सुखावले की मलाच नवल वाटलं.

शनिवार उजाडला. मला वाटलं होतं सर जायला टाळाटाळ करतील. तीन बॉक्स परत येणार, बाकीच्या गिऱ्हाइकांना सांगावं लागणार, आणि दोष बोर्डाचा, म्हणजे त्यांच्या हातचा. मी मनात भांडणाची तयारीही करून ठेवली होती. पण सर आले ते हेल्मेट हातात घेऊनच. "चला मॅडम," म्हणाले, "तो माणूस घरी बसायच्या आत."

मालकांच्या केबिनमध्ये सरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. उन्हानं बॉक्स विसरतो, आकडा आपोआप बदलला, चूक माझी. तीनही बॉक्स फुकट दुरुस्त करून देतो. मालक ऐकत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग येण्याऐवजी गोंधळ येत गेला.

"पण तो कबूल झाला," ते म्हणाले.

"कोण?"

"भट्टीवाला. गुरुवारीच. मी म्हटलं, खरं सांग, माफ करतो, काम जाणार नाही. खोटं बोललास तर जा. तर म्हणाला, होय, माझ्याच हातनं झालं. मी शब्द पाळला. माल पुसायच्या कामावर घातलाय."

मला हायसं वाटलं. धाकानं कबूल झाला असणार, एवढंच ना? आता खरं कळलं, तो सुटला. मालकांनी त्याला बोलावून घेतलं. तो आला तेव्हा कोपरापर्यंत हात तेलानं काळे झाले होते. सरांनी त्याला कन्नडमध्ये सगळं समजावून सांगितलं. बॉक्स तापला, आकडा आपोआप सरकला, तुझा काही दोष नाही. मी शेजारी उभी राहून हसत होते. त्या माणसाला बरं वाटेल ते मला बघायचं होतं.

त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. मग हळूच मान हलवली आणि बोलू लागला, सर मध्येमध्ये मला मराठीत सांगत होते. त्या दुपारी घरून फोन आला होता. एका हातात फोन होता. पडद्यावर धूळ होती म्हणून दुसऱ्या हातानं फडक्यानं पुसत होता, आणि पुसता पुसता बोट बाणावर राहिलं. बोलताना त्यानं अंगठ्याशेजारचं बोट हवेत धरून दाबून दाखवलं. बराच वेळ राहिलं, तो म्हणाला. आधी आठवत नव्हतं. मालकांनी तो पडदा रोज दाखवला, तेव्हा आठवलं.

"तुम्ही घाबरून म्हणताय ना?" मी विचारलं. सरांनी ते कन्नडमध्ये केलं.

नाही, तो म्हणाला. आता घाबरायचं काय? आता तर काम आहे. खरंच मी दाबलं.

मी आठशे बहात्तरचा हिशेब समजावायला लागले. बत्तीस, एक घर, मेमरी. मध्येच थांबले, कारण मलाच कळेना की मी काय सिद्ध करतेय. ड्रायरखाली बॉक्स विसरतो एवढं मी दाखवू शकत होते. त्या दुपारी तोच विसरला, याचा माझ्याजवळ काय पुरावा? फोन आला असेलही. पडदा पुसला असेलही. त्याला ते बोट इतकं लख्ख आठवत होतं, आणि मला आठवत होता तो खांबाला टेकून एकाच स्वरात "नानु मुट्टिल्ला" म्हणणारा माणूस. या दोघांतला कुठला खरा? मला त्याचा राग आला, मग त्या रागाचीच लाज वाटली.

मालक म्हणाले, "झालं गेलं जाऊ दे. सोमवारपासून भट्टीवर परत ये."

तो दोन पावलं मागे सरला. ज्या हातानं दाबल्याचं दाखवलं होतं तो हात त्यानं दुसऱ्या हातात धरून ठेवला होता. "नको सामी," तो म्हणाला. "भट्टी नको. हात काय करतो ते मला कळत नाही. मी पुसतो तेच बरं."

"सर," मी म्हटलं, "त्यांना सांगा ना, तुम्ही दाबलं नव्हतं."

"दोनदा सांगितलं मॅडम," सर म्हणाले. तोवर तो बाहेर जाऊन तेलातल्या गिअरांपाशी बसलाही होता.